अहेरी वेगळा जिल्हा झालाच पाहिजे?

सिरोंचाकर
आमच्या सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास. गेल्या वर्षी पोरीच्या जात पडताळणीसाठी पहाटेची एसटी धरली. दुपारी पोहोचलो तर साहेब दौऱ्यावर. बसस्टँडच्या बाकड्यावर रात्र काढली, पोरगी माझ्या पिशवीवर डोकं टेकून झोपली. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून गडचिरोली वेगळी काढली ना? मग आमचा दक्षिणेकडचा भाग अहेरी जिल्हा म्हणून वेगळा काढायच्या वेळीच अंतर मोजायचं काहून नाही? आणि १८७४ पर्यंत सिरोंचा स्वतःच जिल्ह्याचं ठिकाण होतं, अप्पर गोदावरी जिल्ह्याचं!

धानोऱ्याची
भाऊ, पोरीचे हाल वाचून वाईट वाटलं. पण १४,४१२ चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात २०११ ला माणसं १० लाख ७३ हजार. चौरस किलोमीटरला ७४, राज्यात ३६५. इतक्या विरळ वस्तीत नवा जिल्हा म्हटला की आधी बंगले आणि इमारती उभ्या राहतील. अहेरीत अपर जिल्हाधिकारी बसतातच, पडताळणीचं कामही तिथंच न्या. आमच्या तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तो ग्रामसभेच्या जोरावर. त्यासाठी नवा जिल्हा लागला नाही.

भामरागडचा मास्तर
पर्लकोटा नदीला पूर आला की आमचा रस्ता बंद. तेव्हा अहेरी काय नि गडचिरोली काय, दोन्ही सारखीच लांब. दुसरं, माझ्या वर्गातली पोरं घरी माडिया बोलतात. त्यांची आई दाखल्याला जाते, बाबू मराठीत विचारतो, ती नुसती मान हलवते आणि अर्ज अर्धवट म्हणून परत येतो. मला आधी पूल पाहिजे आणि माडिया समजणारा बाबू.

सिरोंचाकर
मास्तर, हे सगळं मागायलाही दोनशे किलोमीटर जावं लागते! सुरजागडचं लोखंड आमच्या बाजूच्या एटापल्लीतून निघते, त्यातून येणाऱ्या खनिज निधीचा हिशोब मात्र गडचिरोलीत.

धानोऱ्याची
हेच तर मी विचारते. तुम्ही वेगळे झालात तर तो निधी तुमच्याकडे जाईल. मग उत्तरेकडच्या कोरची, कुरखेड्याच्या डोंगरातल्या गावांना काय उरेल? तीही आदिवासी गावंच आहेत ना, भाऊ?

सिरोंचाकर
त्यांचा वाटा आधी लिहून ठेवू, मी सही करतो. पण पोरीला पुन्हा त्या बाकड्यावर झोपवणार नाही.