अणुसंकटासाठी घरी मीटर घ्यायचा, तर कोणता?

धरमपेठकर
घरात रेडिएशन मीटर असावा, या मताची मी आहे. पण स्वस्त गायगर काउंटर घेऊ नका. सगळे विचारतात, किती बारीक पकडतो? विचारायला हवं, वर कुठपर्यंत मोजतो? बरेच मीटर ताशी 1000 मायक्रोसिव्हर्टला (सिव्हर्ट म्हणजे शरीराला बसणारा किरणांचा डोस मोजायचं एकक) थांबतात. अणुस्फोटाची धूळ बसते तिथे दर त्याच्या शेकडो पट असू शकतो. त्यात साधी गायगर नळी जास्त मारा झाला की गुदमरते आणि आकडा उलट खाली दाखवते. माणूस निर्धास्त होऊन बाहेर पडतो! मी अंगावर लावायचा, एकूण डोस मोजून ठेवणारा, अलार्मचा पर्सनल डोसिमीटर घेईन.

हिंगणा एमआयडीसी
ताई, नाही पटलं. नागपुरात भंगाराचा धोका जास्त खरा. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाचं जुनं यंत्र भंगारात गेलं, त्यातलं कोबाल्ट-60 हे किरणोत्सर्गी द्रव्य उघडं पडलं, एक जण दगावला. आमच्या फाउंड्रीत ट्रक आला की मी मीटर घेऊन चारही बाजूंनी फिरतो. एरवी 0.1-0.2 मायक्रोसिव्हर्ट. 0.5 दिसला की ट्रक बाजूला. डोसिमीटर इतक्या खाली फार संथ चालतो. सिंटिलेशन क्रिस्टलवाला, म्हणजे किरण पडला की चमकणारा क्रिस्टल असलेला मीटर, लगेच उडी मारतो.

धरमपेठकर
भाऊ, शोधायला तुमचाच बरा, मान्य. पण मला शोधायचं नाही, घरच्यांना किती डोस बसला ते कळायला हवं.

मानेवाडा
कळून करणार काय? पहिले 24 तास पक्क्या इमारतीच्या मधल्या खोलीत बसायचं, बाहेरचे कपडे पिशवीत बांधून दूर ठेवायचे. मीटर असो-नसो, हेच. स्फोटानंतर एका तासाला धुळीचा जो मारा असतो, तो स्फोटानंतर 7 तासांनी दहाव्या हिश्श्यावर येतो, 49 तासांनी शंभराव्या. त्या पैशात पाणी साठवा, सेलवरचा रेडिओ घ्या. मोजायला शिकलेली माणसं आहेत, आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी नागपुरातच आहे.

धरमपेठकर
तो हिशोब सरासरीचा आहे, आणि अणुभट्टीच्या अपघाताला तर लागूच नाही. मुलांना जिन्याखाली झोपवू की मधल्या खोलीत, हे रेडिओ सांगणार नाही. दलाची माणसंही पहिल्या रात्री प्रत्येक दारात पोचणार नाहीत.

मानेवाडा
आणि घाबरलेला माणूस मीटर बघायला दर तासाला दार उघडेल. माझं मत तेच.

हिंगणा एमआयडीसी
कुठलाही घ्या, पण आत्ताच खोल्याखोल्यांतले आकडे लिहून ठेवा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर थोडा जास्त येऊ शकतो. कोणाचा न्यूक्लिअर स्कॅन (शरीरात किरणोत्सर्गी औषध देऊन केलेली तपासणी) नुकताच झाला असेल तर त्या माणसाजवळही मीटर वाजतो. नेहमीचा आकडा माहीत नसेल, तर वाढलेला ओळखणार कसा?