विषय: युवा विभागाची निवडणूक – मतं कशी मोजायची ते आधी ठरवू या

प्रेषक: समन्वयक, युवा विभाग

नमस्कार मंडळी,

युवा विभागाचे पदाधिकारी आजवर कार्यकारिणीच नेमत आली. यंदा प्रथमच शाखांचे प्रतिनिधी ते निवडणार आहेत. घटनेत एवढंच लिहिलंय की प्रतिनिधींनी बहुमताने अध्यक्ष आणि पाच समिती सदस्य निवडावेत. अध्यक्षपदासाठी तिघांनी इच्छा कळवली आहे. अर्ज मागवण्याआधी आणखी काही ठरवायला हवं का, की सभेत हात वर करून मोजलं तरी चालेल?

---

प्रेषक: घटना समिती सदस्य

हात वर करून अजिबात नको. ही मुलं एकमेकांची मित्र आहेत. जिवलग मैत्रीण समोर उभी असताना दुसऱ्याच्या नावाला हात वर करणं सतरा वर्षांच्या मुलीला फार जड जातं. मतदान गुप्तच हवं.

पण त्याहून मोठी काळजी मोजणीची आहे. समजा ४५ प्रतिनिधी आहेत आणि अ, ब, क असे तीन उमेदवार. १८ जणांची पसंती अ, मग ब, मग क. १५ जणांची क, मग ब, मग अ. उरलेल्या १२ जणांची ब, मग क, मग अ. सर्वाधिक मतं मिळतील तो विजयी असं ठरलं, तर १८ मतांवर अ निवडून येतो, आणि २७ जणांना तो शेवटच्या क्रमांकावर हवा होता! सर्वांत कमी मतांच्या उमेदवाराला वगळून पुन्हा मोजलं, तर ब बाहेर पडतो, त्याची १२ मतं कला जातात आणि क २७ विरुद्ध १८ असा जिंकतो. आता दोघादोघांची समोरासमोर तुलना करून पाहा. ब हा अला २७-१८ ने हरवतो आणि कला ३०-१५ ने. प्रतिनिधी तेच, त्यांची मनंही तीच, अध्यक्ष मात्र तीन वेगळे. म्हणून पद्धत अर्ज येण्याआधी ठरली पाहिजे. नावं समोर आल्यावर पद्धतीवर वाद घातला, की तो नकळत माणसांवरचा वाद होतो.

१८७६ साली पहिल्यांदा छापलेल्या, अमेरिकेतल्या हेन्री रॉबर्ट यांच्या सभा-नियमांनी यावर एक वाट काढली आहे. निम्म्याहून अधिक मतं कुणालाच मिळाली नाहीत, तर पुन्हा मतदान घ्यायचं, पण तळाच्या उमेदवाराला आपोआप बाद करायचं नाही. कारण फार थोड्यांची पहिली पसंती असलेला, पण सगळ्यांना चालणारा उमेदवार बहुधा तळाशीच असतो. वरच्या उदाहरणातला ब तसाच आहे. सभागृहात सगळे बसलेले असतील आणि वेळ हाताशी असेल, तर मला ही पद्धत सर्वांत आवडते. मधल्या वेळात मुलं एकमेकांशी बोलतात, मनं बदलतात.

वेळ नसेल तर पसंतीक्रम लिहून घ्यावा. भारताच्या राष्ट्रपतिपदाची निवडणूक अशीच होते. तिथे प्रत्येक मताला ठरलेलं मूल्य असतं. १९६९ मध्ये पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरींना ४,०१,५१५ आणि संजीव रेड्डींना ३,१३,५४८ मतमूल्य मिळालं, आपले चिंतामणराव देशमुख तिसरे आले. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारा आकडा, होता ४,१८,१६९, म्हणजे गिरीही थोडे कमीच पडले. बाकीचे उमेदवार वगळून पुढच्या पसंती मोजल्या, तेव्हा बराच मोठा वाटा रेड्डींकडे गेला. तरी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचून निवडून आले. दुसरी पसंती लिहिणं किती मोलाचं असतं, हे मुलांना सांगताना हे उदाहरण जरूर द्या.

पाच सदस्यांसाठी मात्र प्रत्येकाला पाच मतं देऊ नका. ४५ पैकी २३ जणांनी एकी केली तर पाचही जागा त्यांच्या, आणि २२ जणांचा समितीत कुणीच नाही. राज्यसभेसारखं एकल संक्रमणीय मत (प्रत्येकाचं मत एकच, पण गरज पडल्यास लिहिलेल्या पुढच्या पसंतीकडे जाणारं) ठेवलं तर कोटा येतो ८ मतांचा. १६ जणांच्या गटाला दोन जागा हक्काने मिळतात. मोजणी किचकट आहे, पण ती आपण करायची आहे, मुलांनी नाही.

कोऱ्या मतपत्रिकांचंही लिहून ठेवा. ४५ हजर, ५ कोऱ्या, तर बहुमत हजर असलेल्यांचं म्हणजे २३, की वैध मतांचं म्हणजे २१? रॉबर्टच्या नियमांत कोरी पत्रिका धरतच नाहीत. मला ते पटतं.

---

प्रेषक: एक शाखा प्रतिनिधी

ताई, एक विचारू? आमच्या शाखेच्या बैठकीत आम्हाला सांगितलंय, अमुक उमेदवारालाच मत द्या. अधिवेशनात भाषणं ऐकून मला दुसरं कुणी जास्त योग्य वाटलं तर? आणि आमची शाखा लहान आहे. मोठ्या शाखांइतकीच मतं आम्हाला मिळणार का?

---

प्रेषक: घटना समिती सदस्य

अगदी योग्य प्रश्न विचारलास. बांधील मत आणि गुप्त मत एकत्र नांदत नाहीत. शाखेने सांगितलेलं पाळलं की नाही, हे तपासायचं तर नाव पुकारून उघड मतदान घ्यावं लागेल, आणि मग सगळा दबाव परत आला. शिवाय सगळेच घरून ठरवून आले, तर दुसऱ्या फेरीला काय अर्थ उरतो? तिथे कुणी हलूच शकणार नाही. माझं मत असं, की शाखेने प्रतिनिधी निवडताना त्याला भरपूर प्रश्न विचारावेत, आपली अपेक्षा सांगावी, आणि मग मत त्याच्यावर सोडावं. परत गेल्यावर 'मी असं का ठरवलं' हे शाखेला सांगायची तयारी मात्र तू ठेव. तेवढं त्यांचं देणं आहेच.

लहान-मोठ्या शाखांचं म्हणशील, तर जागतिक स्काउट परिषदेत प्रत्येक राष्ट्रीय संघटनेला सहा मतं असतात, तिचे सदस्य काही हजार असोत की कित्येक लाख. हा एक टोकाचा मार्ग. सदस्यसंख्येच्या प्रमाणात मतं देणं हे दुसरं टोक, त्यात दोन-तीन मोठ्या शाखाच सगळं ठरवतात. मला मधला मार्ग बरा वाटतो: प्रत्येक शाखेला ठरावीक किमान प्रतिनिधी, पुढे सदस्यसंख्येनुसार वाढ, आणि वर एक मर्यादा. आकडे सर्व शाखांनी मिळून ठरवावेत.

---

प्रेषक: समन्वयक, युवा विभाग

ताई, मनापासून आभार. मग अध्यक्षासाठी फेऱ्या, समितीसाठी पसंतीक्रम, मतदान गुप्त, कोऱ्या पत्रिका वगळून बहुमत, असा मसुदा करून इथेच टाकतो. त्यावर सर्व शाखांचं म्हणणं आल्याशिवाय अर्ज मागवणार नाही. मोजणीला कोण बसणार?

---

प्रेषक: घटना समिती सदस्य

ज्या शाखेचा उमेदवार उभा आहे तिथलं कुणी नको. दोघं मोजणारे, एक लिहिणारा, आणि प्रत्येक उमेदवाराचा एक जण बघायला. प्रत्येक फेरीचे आकडे सभागृहात मोठ्याने वाचा, हरलेल्यांचेही. आक्षेपाची मुदत संपेपर्यंत पत्रिका सीलबंद राहू द्या. मसुद्यात हेही घाला.