आक्षेपार्ह, अश्लील, अर्वाच्य: फरक काय, आणि कायद्याला यातला कोणता शब्द चालतो?

इंदिरानगरकर:
आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नोटीस लागली आहे, जशीच्या तशी देते. "सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आक्षेपार्ह, अश्लील वा अर्वाच्य शब्द वापरणाऱ्या सभासदावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल. हुकुमावरून." निमित्त टँकरच्या बिलांचं. एका काकांनी ग्रुपवर कमिटीतल्या एकाला 'भामटा' म्हटलं, वर 'सगळे मिळून खाताय' असंही लिहिलं.
हे तीन शब्द एकाच अर्थाचे आहेत, की नोटिशीला वजन यावं म्हणून तिन्ही लावले? आणि नुसतं 'आक्षेपार्ह' बोललं म्हणून कायद्याने माणसाला धरता येतं का? यावं का?

तिवंधा:
तिन्ही वेगळे. 'अश्लील' म्हणजे मुळात अ-श्रील, ज्यात श्री नाही, शोभा नाही असं. साहित्यशास्त्रात तो काव्यदोष ठरला तेव्हा त्याचे तीन प्रकार सांगितले: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं. आजच्या मराठीत तिसऱ्याचा मागमूस नाही, दुसराही जवळपास गेला. उरला तो पहिला.
'अर्वाच्य' हे 'अवाच्य'चं मराठी रूप, तोंडाने बोलू नये असं. (अर्वाचीनशी काही नातं नाही, उगाच शोधू नये.) शिवीगाळीशिवाय हा शब्द कुठे भेटतच नाही. पोलिसांच्या कागदांनी आणि वर्तमानपत्रांच्या गुन्हेवार्तांनी त्याला जिवंत ठेवलंय.
'आक्षेपार्ह'ची कुळी निराळी. अर्ह म्हणजे पात्र, म्हणून आक्षेपाला पात्र. पण आक्षेप कोणाचा, हे हा शब्द सांगतच नाही. अश्लील आणि अर्वाच्य निदान बोललेल्या मजकुराबद्दल काही सांगतात. आक्षेपार्ह ऐकणाऱ्याबद्दल सांगतो. त्यावर शिक्षा बेतली की ती कोणाची कातडी किती पातळ यावर ठरणार.

सीबीएस कोर्टवाला:
तिवंधांनी जे व्याकरणाने सांगितलं तेच सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला सांगितलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ. त्यात 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर पाठवणं गुन्हा होता, आणि खोटं आहे हे माहीत असून त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून पाठवणंही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, एकीने लिहिलं होतं आणि दुसरीने लाइक केलं होतं. त्यानंतर श्रेया सिंघल यांची याचिका गेली आणि कलम रद्द झालं. निकालातला एक मुद्दा मला फार आवडतो. इंग्लंडमधल्या अशाच कायद्याखालच्या खटल्यांत एकाच मजकुरावर खालचे न्यायाधीश एक म्हणाले, वरचे बरोबर उलटं म्हणाले. मग सामान्य माणसाला गुन्ह्याची रेघ कुठे आहे ते कसं कळावं?
गंमत म्हणजे रद्द झाल्यावरही पोलीस ६६अ लावतच राहिले. २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं.
राज्यघटनेच्या १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावर 'वाजवी निर्बंध' घालायची कारणं मोजून दिली आहेत: देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकी देशांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. 'आक्षेपार्ह' त्यात नाही.

सिडकोची शिक्षिका:
वकीलसाहेब, हे सगळं ऐकायला छान आहे. पण शाळा सुटल्यावर रिक्षा स्टँडवरून जाताना जे कानावर पडतं ते तुम्ही रोज ऐकत नाही. आईबहिणीवरून. त्यालाही मोकळं रान द्यायचं का? 'स्वातंत्र्य' हा शब्द नेहमी बोलणाऱ्याच्या बाजूने का वापरला जातो?

सीबीएस कोर्टवाला:
ताई, मोकळं रान नाहीच. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिचं कलम २९६: सार्वजनिक जागी, इतरांना त्रास होईल असे अश्लील शब्द उच्चारणं. कलम ७९: स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द वा हावभाव, तीन वर्षांपर्यंत साधा कारावास आणि दंड. कलम ३५२: समोरच्याने भडकून शांतता मोडावी म्हणून जाणूनबुजून केलेला अपमान. हे ३५२ अदखलपात्र, म्हणजे पोलीस स्टेशनात तुमच्या हातात एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नुसत्या नोंदीचा, कागद पडतो आणि पुढे बहुधा काही होत नाही.
पण प्रत्येक कलमात काय आहे ते पाहा. जागा, हेतू, नाहीतर परिणाम. शब्दांची यादी कुठेच नाही. आणि शिवी म्हणजे अश्लील असंही नाही. एका वेबमालिकेतल्या शिव्यांवरून खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता, मार्च २०२४ मध्ये निकाल लागला. न्यायालय म्हणालं, भाषा गलिच्छ आहे, पण गलिच्छ म्हणजे अश्लील नव्हे, कारण ती कामवासना चाळवत नाही. तिवंधांचा पहिला प्रकारसुद्धा इथे निम्माच उरला!

पिंपळपार:
त्याच शिव्या सातारा जिल्ह्यात सण म्हणून देतात. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मधे ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बाया ओढ्याच्या काठांवर उभ्या राहून एकमेकींना हातवारे करत शिव्या घालतात. 'बोरीचा बार' म्हणतात त्याला. पोलीस बंदोबस्ताला असतात, गुन्हा लिहायला नाही.

तिवंधा:
आता मूळ प्रश्नातला 'भामटा'. हा शब्द माझ्या मते त्या नोटिशीतल्या तिन्ही शब्दांपेक्षा अवघड आहे आणि नोटीस लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसावा.
आपण भामटा म्हणतो तो ठग, लबाड अशा अर्थी. पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 'राजपूत भामटा' ही जात आहे. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, हजेऱ्या लावल्या, वसाहतींत डांबलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला. नाव मात्र वहीत एका बाजूला जात म्हणून राहिलं आणि बोलण्यात शिवी म्हणून. टँकरवरून भांडणाऱ्या काकांच्या मनात यातलं काही नसणार. पण त्याच ग्रुपवर त्या समाजाचं एखादं घर असेल, तर त्यांनी ते कसं वाचावं?
'कैकाडी'चं आणखी विचित्र. 'काय कैकाड्यासारखा भांडतोस' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. कैकाडी समाज विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहे, बाकी महाराष्ट्रात विमुक्त जातीत. वकीलसाहेब, म्हणजे एकच वाक्य नागपूरला गुन्हा आणि नाशिकला नाही, असं होतं का?

सीबीएस कोर्टवाला:
होतं. अधिक नेमकं म्हणायचं तर ज्याला बोललात तो कोणत्या यादीतला, यावर ठरतं. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा फक्त अनुसूचित जाती-जमातींना लागू आहे. जातीच्या नावाने शिवीगाळ, तीही लोकांच्या नजरेसमोर, हा त्यात वेगळा गुन्हा. विमुक्त समाजाच्या माणसाला ते कवच नाही, त्याने ३५२ ची एनसी घ्यायची.
आणि शब्दांवरच्या कायद्यांत मला हाच सगळ्यात पटतो. तो शब्द कानाला कसा लागतो ते विचारत नाही. कोणी, कोणाला, कुठे, कशासाठी, एवढंच विचारतो. चार भिंतींत, बाहेरचं कोणी नसताना बोललेलं 'लोकांच्या नजरेसमोर' होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. त्यावर वाद घालता येतो, पण निदान रेघ दिसते.

सिडकोची शिक्षिका:
हे पटलं. पण मग धार्मिक भावना? तिथे तर सगळं ऐकणाऱ्याच्या हातात दिलंय.

पिंपळपार:
कागदावर तसं नाही. जुन्या दंड संहितेचं २९५अ, आताच्या न्याय संहितेचं २९९, यात 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' असे शब्द आहेत. ते वाचतं कोण? पेपरात येतं ते 'भावना दुखावल्याप्रकरणी गुन्हा'. हेतू गळतो आणि दुखणं उरतं.
आपल्या नाशिकने तरी 'भावना' हा शब्द जपून वापरावा. १९३० मध्ये काळारामाच्या दारात बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या सत्याग्रहींना अडवलं, तेव्हा दार धरून बसलेल्यांच्याही भावनाच दुखावत होत्या. दुखावल्या गेलेल्या भावनेला कायद्याने आपोआप मान द्यायचा ठरवला, तर त्या दिवशी कायदा कोणाच्या बाजूला गेला असता?
आणि शब्दांवर बंदी घातली की शांतता राहते हेही नाशिकला कोणी शिकवू नये. १९०९ मध्ये कविता छापल्या म्हणून बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळं पाणी. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्या शिक्षेचा राग हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

तिवंधा:
त्याआधी १८९७ चा टिळकांचा खटला. न्या. स्ट्रॅची यांनी ज्युरीला राजद्रोहाच्या कलमातल्या एका शब्दाचा अर्थ सांगितला: अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. बस. सरकारवर प्रेम नाही, इतकंच पुरे. टिळकांना दीड वर्ष. व्याकरणाची फोड म्हणून बिनचूक आणि अर्थ म्हणून धादांत चूक असं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. 'अमित्र' म्हणजे शत्रू, का नुसता ओळख नसलेला माणूस?

मेनरोडवाला:
एवढं लिहिलंत, पण त्या ताईंनी आता नोटिशीचं करायचं काय ते सांगा राव.

सीबीएस कोर्टवाला:
'भामटा' अश्लील नाही. 'सगळे मिळून खाताय' हे अर्वाच्यही नाही. लागू झालीच तर कलम ३५६ ची अब्रुनुकसानी, आणि ती ज्याची अब्रू गेली त्याने स्वतः कोर्टात जाऊन करायची, सोसायटीच्या हुकुमावरून होत नाही. त्यातही मेख आहे. 'खरं आहे' एवढा बचाव पुरत नाही, खरं आणि सार्वजनिक हिताचं, दोन्ही दाखवावं लागतं. सभासदांच्या पैशाचा हिशोब त्यांच्यासमोर मागणं हे हिताचं आहे असं मी कोर्टात म्हणेन. 'भामटा'बद्दल तेवढ्या ठामपणे म्हणणार नाही.
नोटीस ठेवायचीच असेल तर तिन्ही विशेषणं काढा आणि लिहा: कोणाला जात, धर्म, बाईपण यांवरून बोलू नये, धमकी देऊ नये. बाकी भांडा.

इंदिरानगरकर:
हे कमिटीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवते. 'बाकी भांडा' गाळून.

सिडकोची शिक्षिका:
ते गाळू नका, तेवढंच मुद्द्याचं आहे. आणि यादीत 'वय'ही घाला. 'म्हातारचळ' ग्रुपवर किती वेळा येतो ते मोजा.