मदत हवी आहे: ऑफिसात टेबलाखाली अनवाणी बसलेलं चालतं का?

नमस्कार मंडळी. माझं काम दिवसभर बसून करायचं आहे. पोटऱ्यांची हालचाल झाली नाही की पायांत पाणी उतरतं, त्यामुळे दुपारनंतर बूट आवळायला लागतात. अशा वेळी टेबलाखाली बूट-मोजे काढून बसावंसं वाटतं. आमच्या नियमावलीत ‘नीटनेटका पोशाख’ एवढंच लिहिलं आहे, पायांचा उल्लेख नाही.

मला खरी काळजी शेजारी बसणाऱ्यांची आहे. तळपायांवर घामाच्या ग्रंथी फार दाट असतात. ताज्या घामाला फारसा वास नसतो, पण बंद बुटात त्यावर जिवाणू वाढले की येतो. स्वतःच्या वासाची आपल्याला सवय झालेली असते, त्रास होतो तो दुसऱ्याला. आणि तो बिचारा संकोचाने बोलतही नाही! माझ्यामुळे कुणी असं मुकाट्याने सहन करावं, हे मला अजिबात नको आहे.

जागेवरून उठलं की बूट घालायचे, हे पक्कं. स्वच्छतागृहात अनवाणी जाण्याचा तर प्रश्नच नाही, ओल्या फरशीवरून बुरशीचा संसर्ग होतो.

पण शेजाऱ्यांना आधी कसं विचारावं, म्हणजे त्यांना मोकळेपणाने ‘नको’ म्हणता येईल? फक्त बूट काढून मोजे तसेच ठेवले तर बरं दिसेल का, की ऑफिससाठी वेगळ्या सपाता ठेवाव्यात? आणि वरिष्ठ अचानक टेबलाशी आले तर बोलणं थांबवून बूट चढवायचे का? तुमच्याकडे काय पद्धत आहे, कृपया सांगा. मनुष्यबळ विभागातल्या कुणी उत्तर दिलं तर फारच उत्तम.