दोन दिवसांच्या कार्यशाळेनं फरक पडला का, हे मोजायचं कसं?

परभणीकर
नमस्कार मंडळी. परभणीतल्या एका छोट्या संस्थेत काम करतो. एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी देतात त्या पैशातून, सहा लाख मिळाले. त्यातून डिसेंबर-जानेवारीत आम्ही नोकरीला लागून एक-दोन वर्षं झालेल्या पोरापोरींसाठी करिअर कार्यशाळा घेतल्या. शनिवार-रविवार, चार बॅचेस, मिळून ११२ जण. डिप्लोमावाले, बी.कॉम.वाले, दोन-चार कृषी पदवीधर, एक पतसंस्थेतली कॅशियर. रेझ्युमे, मुलाखत, इंग्रजीत मेल लिहिणं, सॅलरी स्लिप वाचणं आणि पगारवाढ मागायची कशी, एवढे विषय.

आता अहवाल द्यायचाय. कंपनीच्या एक्सेलमध्ये रकाने तीन: आले किती, समाधान किती आणि ‘इम्पॅक्ट’. पहिल्यात ११२. दुसऱ्यात पाचपैकी ४.७. तिसऱ्यापाशी आठ दिवस झाले, बसलोय.

४.७ वर तर माझाच विश्वास नाही. रविवारी साडेपाचला, चहा-समोसे झाल्यावर, शिकवणारे समोर उभे असताना फॉर्म भरून घेतलेत. त्यात समोशाचे मार्क किती, कोण सांगणार?

जूनमध्ये सगळ्यांना फोन लावले. ६८ जणांनी उचलला. त्यांतल्या १९ जणांनी नोकरी बदललेली, ३१ जणांचा पगार वाढलेला. आमचे साहेब म्हणाले, “६८ पैकी ३१, म्हणजे ४६ टक्के. टाका की हेच.” मला ते पटंना. न उचललेले ४४ काय करतायत? आणि एप्रिलात पगार तसाही वाढतोच की.

त्यात ही दोन माणसं. एकाला पुण्यात २२ हजारांची ऑफर होती. खोली, मेस, महिन्याला दोनदा ट्रॅव्हल्स, असा हिशोब त्यानं कार्यशाळेत मांडला आणि इथंच १५ हजारांवर राहिला. तो म्हणतो फायदा झाला, एक्सेल म्हणतं नाही झाला. दुसरी दुसऱ्या बॅचमधली. स्लिपवर पीएफ कापलेला, खात्यात जमाच नाही, हे तिच्या ध्यानात आलं. भांडून सात महिन्यांचा भरायला लावला. पगार होता तेवढाच. हिला कुठल्या रकान्यात घालू?

वाळूजचा एचआर
एप्रिलचं बरोबर पकडलंत. आमच्याकडं वाढ लागू एप्रिलपासून, पण हातात पडते मे-जूनमध्ये, एरियर्ससकट. जूनमध्ये विचारल्यावर निम्मे लोक ‘हो’ म्हणणारच, कार्यशाळा असो की नसो.

“पगार वाढला का?” ऐवजी “वाढ मागितली होती का? कुणाकडे? काय बोललात?” असं विचारा. मागणं तुम्ही शिकवलंय. मिळणं आमच्यासारख्यांच्या बजेटवर.

आणि तोंडी आकडा घेऊ नका. कुणी सीटीसी (कंपनीचा त्याच्यावरचा एकूण खर्च) सांगतो, कुणी हातात येणारा, कुणी ओव्हरटाइम धरून. पीएफचं पासबुक त्यांना त्यांच्याच मोबाइलवर उघडायला सांगा, तुम्ही फक्त बघा. बऱ्याच कंपन्या पगार जास्त असला तरी पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवरच, म्हणजे १८०० च कापतात, त्यामुळं पूर्ण पगार त्यावरून कळेलच असं नाही. पण नोकरी कधी सुटली, कधी लागली, मध्ये किती महिने माणूस घरी होता, ते महिन्यासकट कळतं.

निवृत्त मास्तर, लातूर
आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, म्हणून तोंड घालतो. परभणीकर, अर्ज एकूण किती आले होते?

परभणीकर
१६० च्या आसपास, सर. आधी येणाऱ्याला आधी, असं घेतलं.

निवृत्त मास्तर, लातूर
तिथंच पाणी मुरलं. आधी अर्ज करणारा पोरगा मुळातच धडपड्या. तो तुमच्याविना पण पुढं गेला असता. पुढच्या वेळी अर्ज जास्त आले तर सरळ चिठ्ठ्या काढा. मग आत आलेले आणि बाहेर राहिलेले सारखेच, आणि सहा महिन्यांनी दोघांना तेच प्रश्न विचारता येतात. या वेळी चिठ्ठ्या नव्हत्या, तरी त्या ४८ जणांना फोन करा. तुलना लंगडी राहील, तसं अहवालात लिहा. त्यांच्यातही निम्म्यांचा पगार वाढलेला निघाला, तर तुमच्या ४६ टक्क्यांत दम नाही.

न उचललेल्या ४४ जणांचं सांगतो. सगळ्यांना पुन्हा एकेक मिस्ड कॉल देत बसू नका. त्यांतले १५ चिठ्ठीनं काढा आणि त्या पंधरांचा पिच्छा पुरवा. मित्राकडून, गावाकडून, रविवारी संध्याकाळी, गरज पडली तर घरी जाऊन. पंधरा पक्के सापडले तर बाकीच्यांचा अंदाज बांधता येतो. अर्धवट लागलेल्या चाळीस फोनांवरून नाही बांधता येत.

‘मला रेझ्युमे लिहिता येतो, पाचपैकी किती?’ असला प्रश्न आधी आणि नंतर विचारला असेल तर ते कागद बाजूला ठेवा. आमच्याकडं एका प्रशिक्षणात आधीची सरासरी चार आली, नंतरची साडेतीन. आयोजक हबकले. अहो, आधी पोरांना आपल्याला काय येत नाही हेच ठाऊक नव्हतं! त्यापेक्षा आधीचा आणि नंतरचा खरा रेझ्युमे घ्या, नावं झाका, गड्डी पिसा आणि वाळूजवाल्यांसारख्या कुणाला तरी मार्क द्यायला सांगा. कोणता आधीचा, ते त्यांना कळता कामा नये.

कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकी प्राध्यापकानं १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामात वापरलं का, त्यातून काय निघालं. तुमचा ४.७ पहिल्या पायरीवर आहे, साहेबांचे ४६ टक्के एकदम चौथीवर. मधल्या दोन गाळल्यात. तुमची पीएफवाली मुलगी तिसरीवर बसली आहे, आणि मला विचाराल तर अख्ख्या अहवालात तीच वजनदार.

जाता जाता: सीएसआरच्या २०२१ च्या नियमांनुसार बाहेरच्या संस्थेकडून परिणाम तपासायची सक्ती मोठ्या कंपन्यांना आणि त्यांच्या एक कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांनाच आहे. सहा लाखांना नाही. तेव्हा घाबरून आकडे फुगवू नका.

तिसरी बॅच, मागचा बाक
सर, फोन न उचललेल्या ४४ मधली मी एक.

तुमचा फोन सकाळी ११ ला आला. शिफ्टमध्ये मोबाइल लॉकरमध्ये असतो. नंतर बघितलं तर अनोळखी नंबर, वाटलं लोनवाले. व्हॉट्सॲपवर कोण आहात ते लिहिलं असतं तर मीच लावला असता.

फॉर्ममध्ये मी सगळ्याला पाच दिले होते. वर नाव लिहायचं होतं, आणि आमची जिंतूरची गाडी सहाची. वाचलं कुणी?

पगार वाढला नाही. मार्चमध्ये मागितला, साहेब म्हणाले “बघू”. मेमध्ये परत मागितला, परत “बघू”. पण आधीच्या दोन वर्षांत मी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. रेझ्युमे तर अजून तोच आहे. कामाला आलं ते वेगळंच: आम्ही चौघींनी तेव्हा ग्रुप केला होता, तो अजून चालू आहे. मोठ्या साहेबांना मेल पाठवायचा असला की आधी तिथं टाकते. तिघीजणी चुका काढतात, मग पाठवते. हे तुमच्या फोनवरच्या प्रश्नांत असेल असं वाटत नाही.

एकीनं लग्नानंतर नोकरी सोडली. तिला प्लीज ‘अपयश’मध्ये टाकू नका. तिचं काय चाललंय ते तिलाच विचारा.

परभणीकर
ताई, लॉकरचं डोक्यातच आलं नाही. आम्ही आमच्या ऑफिसच्या वेळेत फोन करत होतो.

तीन आठवड्यांनी लिहितोय. १५ चिठ्ठ्या काढल्या, आधी व्हॉट्सॲपवर ओळख दिली, मग संध्याकाळी फोन. १४ सापडले, पंधराव्याचा नंबरच बंद. १४ पैकी पगार वाढलेले तीन, वाढ मागून बघितलेले आठ. साहेबांना दाखवलं. ४६ टक्के आता खाली येणार म्हणून ते जरा गप्प आहेत, पण नाही म्हणाले नाहीत. कंपनीच्या मॅडमना मेल केलाय की तिसऱ्या रकान्याचे दोन करा: ‘मागितलं का’ आणि ‘मिळालं का’. उत्तर आलं नाही अजून.

बाहेर राहिलेल्या ४८ जणांचे फोन या रविवारपासून. वाळूजवाले, मार्क द्यायला रेझ्युमेंची गड्डी पाठवू का?

वाळूजचा एचआर
पाठवा. ४० च्या वर नको, आणि महिनाअखेर सोडून.