मुंबई सिटी २०२४-२५: अपुयाची जागा कशी भरायची? तुमचे अकरा सांगा

अंधेरी_पश्चिम

१३ सप्टेंबर २०२४ ला आयएसएलचा (इंडियन सुपर लीग फुटबॉलचा) मोसम सुरू होतोय, आणि पहिलाच सामना कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानशी. मे महिन्यात त्याच मैदानात ३-१ ने कप जिंकणाऱ्या संघाचा मधला कणा आता उरलेला नाही. मधल्या फळीतला अपुया बागानकडे गेला. राहुल भेके, नोगेरा आणि पेरेयरा दियाझ तिघेही बंगळुरूत. विनीत राय पंजाबला. नवे आलेत स्ट्रायकर करेलिस, मधल्या फळीतले तोराल, मान्झोरो, ब्रँडन फर्नांडिस, साहिल पनवार, हार्दिक भट्ट आणि राखीव गोलकीपर म्हणून रेहेनेश.

प्रशिक्षक क्रात्की ४-३-३ (चार बचावात, तीन मध्ये, तीन पुढे) सोडतील असं वाटत नाही. माझे अकरा असे: गोलकीपर लाचेन्पा, वालपुया, टिरी, क्रूमा, पनवार, व्हान निफ, तोराल, ब्रँडन, छांगटे, करेलिस, बिपिन.

दोन शंका आहेत. एकटा व्हान निफ बचावफळीपुढे पुरेल का? आणि भेके गेल्यावर उजव्या बाजूचं काय? ड्युरंड कपमध्ये केरळा ब्लास्टर्सने ८-० ने धुतलं, त्यावर चर्चा नको. तो राखीव पोरांचा संघ होता.

खडूस_स्टॉपर

आधी मोजा राव. टिरी, क्रूमा, व्हान निफ, तोराल, करेलिस. पाच परदेशी झाले. नोंदणी सहांची असली तरी मैदानात एका वेळी चारच, म्हणजे सात भारतीय हवेतच. मार्चमध्ये जमशेदपूरचा हाच हिशेब चुकला होता. आपल्याशी १-१ झालेला सामना नंतर ३-० ने आपल्या खात्यात आला.

अपुयाच्या जागेचा प्रश्नही इथेच अडकलाय. जागा भरायला माणसं आहेत, पण ती परदेशी आहेत. त्यामुळे मधल्या फळीचं कोडं बचावफळीत सोडवावं लागेल. टिरी आणि क्रूमा दोघे खेळले की अर्धा कोटा मागेच संपतो. पुढच्या सहा जागांसाठी दोन परदेशी उरतात: एक करेलिस, दुसरा व्हान निफ. तोराल आणि मान्झोरो बाकावर.

माझं मत: क्रूमाला बसवा आणि टिरीच्या जोडीला मेहताब. कारण पायांचं आहे. टिरी तेहतिशीत, क्रूमा चौतिशीत. आपली बचावफळी मध्यरेषेपर्यंत चढून उभी राहते. मागच्या ३५-४० मीटरच्या मोकळ्या जागेत चेंडू पडला की परत धावायला निदान एक जण तरुण लागतो. मेहताब २६ वर्षांचा आहे, आणि भारतीय असल्यामुळे कोटाही वाचतो. लाचेन्पा पुढे येऊन मागे सुटलेले चेंडू साफ करतो हे खरं, पण प्रत्येक चेंडू त्याच्यावर सोडता येत नाही.

मधली_फळी

मेहताबला मध्ये घेतलंत तर उजव्या बॅकचा प्रश्न तसाच राहतो, तोही छांगटेच्या बाजूला.

ही बाजू जरा उलगडून बघू. छांगटे डावखुरा, खेळतो उजव्या विंगवर. चेंडू मिळाला की तो आत वळतो, त्यामुळे बाहेरची पट्टी रिकामी होते. भेके तिथे फारसा धावायचा नाही. तो मुळात स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू (सेंटर बॅक), चेंडू आपल्याकडे असताना आत सरकून तिसरा सेंटर बॅक व्हायचा. तीन मागे, त्यांच्यापुढे दोन. चेंडू गमावला तरी पाच जण जागेवर असायचे, म्हणून छांगटेला मागे न पळता पुढे थांबता यायचं. त्याच्या कित्येक गोलांमागे भेकेचं हे न दिसणारं काम आहे.

वालपुया लावला की चित्र उलटतं. तो बाहेरून पुढे पळणारा. छांगटेला बाहेरचा जोडीदार मिळेल, प्रतिस्पर्ध्याचा डावा बॅक दोघांत अडकेल, हा फायदा. पण मग डाव्या बॅकने मागे थांबायलाच हवं. पनवारला ही शिस्त सरावात लावावी लागेल: उजवीकडून वालपुया मध्यरेषा ओलांडून गेला की त्याने टिरीशेजारी आत यायचं, बिपिनच्या मागे पळायचं नाही. दोन्ही बॅक एकदम वर गेले, चेंडू गेला, आणि मधे एकटा व्हान निफ उरला, की बागानसारखा संघ दोन पासमध्ये गोलसमोर पोचतो. डावा बॅक आकाश मिश्रा तंदुरुस्त असता तर एवढी चिंता नव्हती, त्याच्यात वर जाऊन परत यायचा वेग आहे.

दुसरा मार्ग: मेहताबलाच उजव्या बॅकवर ठेवून भेकेचं काम द्यायचं, टिरी-क्रूमा मध्ये. घडी मोडत नाही. पण खडूस म्हणतात तसं तोराल बाहेर बसतो. मला ते चालेल. तोराल आर्सेनलच्या अकादमीतला, पायात कला आहे, पण अपुया कलाकार म्हणून खेळत नव्हता. तो जागा झाकायचा. व्हान निफने लांब पास टाकायचा आणि तो तुटला तर दुसरा चेंडू अपुयाने उचलायचा, अशी वाटणी होती. त्या कामाला आपला मुंबईकर जयेश राणे जास्त जवळचा.

फातोर्डा_कट्टा

एफसी गोव्याचा पाठीराखा आहे, तरी लिहितो, कारण ब्रँडनला आम्ही वर्षानुवर्षं बघितलंय. त्याच्याकडून अपुयाचं काम करून घेऊ नका. त्याला ४-३-३ मधला उजवा आठ (मधल्या तिघांतला उजवीकडचा) करून बॉक्स ते बॉक्स पळवलंत तर साठाव्या मिनिटाला तो पासही चुकवायला लागेल. त्याला प्रतिस्पर्ध्याच्या मधल्या आणि मागच्या फळीच्या मधल्या पट्ट्यात उभा करा, मागे दोघांना ठेवा. म्हणजे कागदावर ४-३-३, मैदानात ४-२-३-१. व्हान निफ आणि जयेश मागे, ब्रँडन दहा नंबरला.

याचा आणखी एक उपयोग. ब्रँडन भारतीय आहे. दहा नंबरला परदेशी खर्च न करता दर्जेदार पास देणारा माणूस आयएसएलमध्ये फार थोड्या क्लबांकडे आहे. त्याला घेतल्यावर तोराल आणि मान्झोरो दोघेही कशाला आणले, हे मला अजून कळलेलं नाही.

कॉर्नरसाठी मात्र मान्झोरोचा डावा पाय सोन्यासारखा. उजव्या कोपऱ्यातून त्याचा चेंडू गोलकडे वळत येतो, डाव्या कोपऱ्यातून ब्रँडनचा उजव्या पायाने तसाच. दोघे एकत्र मैदानात असतील तर दोन्हीकडून आत वळणारे कॉर्नर मिळतील. पण हेडर मारायला टिरी, क्रूमा, मेहताब यांतले निदान दोघे हवेत. करेलिस त्या कामाचा नाही.

बाकी एप्रिलमध्ये आमच्या फातोर्ड्यावर २-० ने मागे असताना नव्वदाव्या मिनिटापासून पुढे तीन गोल मारून गेलात, ते विसरलेलो नाही.

खडूस_स्टॉपर

मेहताब उजवीकडे ही गोष्ट कागदावर छान वाटते. पण भेके गेला म्हणजे बचावातला अनुभव आधीच कमी झालाय, त्यात चांगल्या स्टॉपरला त्याच्या जागेवरून हलवायचं? एक भोक बुजवायला दुसरं पाडल्यासारखं होतं.

आणि बदली खेळाडूंचा हिशेब कुणीच मांडला नाही. पाच बदल, पण खेळ थांबवून करायच्या संधी तीनच, मध्यंतर वेगळं. परदेशी आत आणायचा तर परदेशीच बाहेर काढावा लागतो. टिरी-क्रूमा-व्हान निफ-करेलिस ही चौकट लावली आणि सत्तराव्या मिनिटाला एका गोलने मागे आहोत, असं धरा. तोरालला आणायला कोण निघणार? व्हान निफ काढला तर मागून खेळ उभा राहत नाही. करेलिस काढला तर नऊ नंबर (मुख्य स्ट्रायकर) जातो, मग विंगर विक्रम प्रतापला मध्ये आणावं लागेल. स्टॉपर काढला तर शेवटच्या वीस मिनिटांत नवी जोडी. तीनही वाटा तोट्याच्या.

आता माझी चौकट: टिरी, व्हान निफ, तोराल, करेलिस. मागे असलो तर तोरालच्या जागी ताज्या पायांचा मान्झोरो. पुढे असलो तर तोराल काढून क्रूमा, आणि तीन स्टॉपर लावून दार बंद. टिरीला विसाव्या मिनिटाला दुखापत झाली तरी क्रूमा सरळ आत. प्रत्येक बदल परदेशीच्या जागी परदेशी, आणि बाकीच्यांना जागा सोडाव्या लागत नाहीत.

मधली_फळी

हा मुद्दा मान्य. बदलांच्या बाबतीत तुमची चौकट सरस आहे.

पण करेलिसबद्दल एक सांगतो, कारण सगळे त्याला दियाझच्या साच्यात बसवतायत. दियाझ पाठीवर स्टॉपर घेऊन चेंडू धरायचा, भांडायचा, पिवळी कार्डं घ्यायचा, आणि तेवढ्यात विंगर वर यायचे. लाचेन्पाने लांब मारलेला चेंडूही त्याच्या अंगावर टिकायचा. करेलिस वेगळा, जागा शोधत इकडेतिकडे सरकणारा. त्याच्या डोक्यावर लांब चेंडू टाकले तर दर वेळी ते परत येतील. म्हणून गोल किक आखूड घ्यायची सवय लागलीच पाहिजे: दोन स्टॉपर बॉक्सच्या दोन बाजूंना, व्हान निफ डीवर (बॉक्सच्या टोकाच्या अर्धवर्तुळावर), आणि समोरचे दाबायला धावून आले तर चेंडू सरळ बॅकच्या पायात. सप्टेंबरात आपलं घरचं अंधेरीचं मैदान ओलं असतं, पास थांबत थांबत जातो. तिथे पास जोरातच मारावा लागेल, हळू पासवरच चेंडू चोरीला जातो.

अंधेरी_पश्चिम

पाच परदेशींबद्दल माफी, घाईत लिहिलं.

सुधारित अकरा: लाचेन्पा, वालपुया, मेहताब, टिरी, पनवार, व्हान निफ, जयेश, छांगटे, तोराल, बिपिन, करेलिस. ब्रँडन आणि विक्रम बाकावर. ब्रँडनला बसवणं जिवावर येतं, पण सॉल्ट लेकवर पलीकडे अपुया आणि ग्रेग स्टुअर्ट हे आपले जुने खेळाडू दोघेही असतील, आणि दोघांनाही आपली घडी तोंडपाठ आहे. तिथे मधे पळणारे पाय जास्त हवेत. घरच्या सामन्यात, समोरचा संघ मागे दाटी करून बसणार असेल तेव्हा, तोरालच्या जागी ब्रँडन आणि मोकळा झालेला कोटा क्रूमाला. मग टिरी-क्रूमा मध्ये, मेहताब उजवीकडे, वालपुया बाकावर.

खडूस_स्टॉपर

म्हणजे शेवटी मेहताब उजवीकडे गेलाच.

अंधेरी_पश्चिम

फक्त घरी.