मदत हवी आहे: २८ मिमी मावळ्यांच्या तळाला दगडी फरशी करतोय, पण फरशा वाकतात

नमस्कार मंडळी,

मी अमळनेरचा. टेबलावर मांडून खेळायच्या लढाईसाठी २८ मिमी मापाचे मावळ्यांचे छोटे पुतळे रंगवतो. चाळीस तयार झालेत. पुतण्या आणि त्याचे मित्र सुट्टीत यायच्या आत ते तळावर उभे करायचे आहेत. माणसं मनासारखी रंगली, अडलंय त्यांच्या पायाखाली.

तळ म्हणजे पुतळ्याच्या पायाखालच्या चकत्या, २५ मिमीच्या गोल, एमडीएफच्या (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) कापून आणल्यात. त्यावर भुईकोटाच्या आतल्या चौकात शोभेल अशी काळ्या दगडाची फरसबंदी हवी आहे. पारोळ्याचा किल्ला लहानपणापासून बघतोय, डोळ्यांपुढे तोच आहे. पहिल्या फरशा ५ मिमीच्या कापल्या, त्या न्हाणीघरातल्या टाइल्ससारख्या दिसल्या. मग हिशोब केला. हे माप साधारण १:५६ चं, म्हणजे दोन फुटी दगड ११ मिमीचा. एका तळावर दोन अख्खे दगड आणि कडेला तुकडे, एवढंच बसतं. आता ते प्रमाण जमलंय.

आधी पीओपी करून पाहिलं. सुकल्यावर बोटानं पीठ निघायचं. शेजारी गवंडीकाम करणारे काका बघून लगेच म्हणाले, "भाऊ, पानी जास्ती व्हयनं." पाणी कमी केलं, पक्कं झालं. पण २ मिमी जाडीची फरशी सुटी करताना दहातल्या सहा मोडतात.

मग हवेवर सुकणारी क्ले आणली. लाटली, पात्यानं कापली, ताटात पसरून झोपलो. सकाळी प्रत्येक फरशीचे कोपरे पापडासारखे वर आलेले, खाली काडेपेटीची काडी सरकेल इतके. कूलरच्या बाजूच्या तर जास्तच. फेविकॉलनं दाबून चिकटवल्या, दुसऱ्या दिवशी कडा पुन्हा उचलल्या.

एमसील (दोन भाग एकत्र मळायची लुगदी) वाकत नाही, मोडतही नाही. पण इथे मे महिन्यात पारा ४४ च्या आसपास, चार तळ होईपर्यंत गोळा घट्ट. शिवाय पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत राहतो. चुरगळलेली फॉइल दाबून पाहिली, तर दगडाऐवजी सुरकुत्या उमटल्या.

क्ले सरळ कशी सुकवायची? आणि घडवलेल्या दगडाचा खरखरीतपणा आणायचा कसा? कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

भाऊ, क्लेतलं पाणी वरून आधी उडतं. वरची बाजू आकसते, खालची ओली असते, म्हणून कोपरे उचलतात. फरशा सुट्या सुकवूच नका. एमडीएफ पॉलिश पेपरनं खरखरीत करा, पातळ फेविकॉलचा हात दोन्ही बाजूंनी द्या आणि सुकू द्या. एकच बाजू ओली झाली की तळही वाकतो. मग पुन्हा फेविकॉल लावून क्ले थेट तळावर दाबा आणि ओली असतानाच सांधे आरपार कापा. प्रत्येक दगड आपापल्या जागी आकसतो, मधली फट हाच सांधा. वर प्लास्टिकचा डबा पालथा घाला, एका कडेला काडी ठेवून. दीड-दोन दिवस लागतील. कूलरचा झोत तिथे नको.

प्रतिसाद २

खरखरीतपणासाठी घरातला पाटा बघा. आपल्याकडचा पाटा काळ्या दगडाचाच, आणि त्यावर टाकीचे घाव असतात. त्या मापाला ते घाव मोठे पडतील, पण झिजलेल्या भागातली बारीक टिंबं अगदी योग्य. क्ले थेट पाट्यावर दाबलीत तर उलटं होईल: खड्ड्याच्या जागी फोड येतील. म्हणून आधी पोरांची खेळायची, न सुकणारी माती पाट्यावर दाबा. तो झाला ठसा. मग ठशाला चिमूटभर टाल्कम पावडर लावून तो तुमच्या क्लेवर दाबा, खड्डे खरे उमटतील. वाटणाचा पाटा घेऊ नका, कोपऱ्यात पडलेला जुना घ्या. एमसील तर कुठल्याच पाट्याजवळ नेऊ नका, आणि ते मळताना हातमोजे घाला.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आईच्या माहेरचा पाटा माळ्यावर होता, तो उतरवला. सहा तळ केले. पाच सपाट सुकले. सहाव्याचा सांधा मी अर्धाच कापला होता, तिथूनच तडा गेला. नख फिरवलं की कर्रकर्र लागतं, अगदी खऱ्या दगडासारखं.

आता रंगाचं. दुपारी गच्चीवर स्प्रेनं काळा प्रायमर (रंगाआधीचा पहिला हात) मारला, तर वाळू शिंपडल्यासारखे कण बसले.

प्रतिसाद १

उन्हात रंग तळापर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतो, त्याचे ते कण. सकाळी सहाला मारा, नाहीतर ब्रशनं काळा अ‍ॅक्रिलिक लावा. चाळीसच तळ आहेत, मी ब्रशच घेईन. त्यावर गडद राखाडी, मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं फिकट राखाडी नुसता कडांवरून फिरवा. निव्वळ काळा ठेवू नका. आपला बेसाल्ट उन्हापावसात जुना झाला की तपकिरी, गंजासारखा पडतो. धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यावर गेलात तर तटाचा दगड जवळून बघा. सांध्यांत पातळ तपकिरी सोडा आणि मावळा अगदी शेवटी चिकटवा.

धागाकर्ता

रविवारी लळिंगला जातो. फोटो इथेच टाकेन.